कच्च्या ब्राउझरवाली दर्शना म्हात्रे

दर्शना म्हात्रेनं माझ्यादेखत पहिल्यांदा ज्याला मारलं तो ट्रेलरचा मुकादम होता, आणि हत्यार होतं ऑफिसातलं पंचिंग मशीन. उरणच्या त्या क्लिअरिंग एजंटकडे मी नुकतीच लागले होते. काम साधं होतं. बंदरात उतरलेल्या कंटेनरचे कागद पोर्टलवर भरायचे, मंजुरी आली की गेटपास छापून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. पास मिळेपर्यंत ट्रेलर रस्त्याकडेला तापत उभे असायचे आणि माणसं त्यांच्याहून तापलेली. त्या दिवशी पोर्टल बंद पडलं होतं. मुकादम आत आला, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "बाई, जमत नाय तर घरी जाऊन भाकऱ्या थाप." आणि दर्शनाचा दंड धरून तिला खुर्चीतून खेचू लागला.

ती ओरडलीही नाही. मोकळ्या हातानं मशीन उचललं आणि त्याच्या कपाळावर बसवलं. भुवईच्या वर फाटलं. रक्त डोळ्यात, शर्टावर, आमच्या कागदांवर. तो मटकन खाली बसला. दर्शनानं मशीन फडक्यानं पुसलं, जागेवर ठेवलं आणि मला म्हणाली, "नवीन हायस ना? पानी पी. आन त्याला बी दे."

ती काळीसावळी, रुंद खांद्यांची होती. चालताना पाय असे टाकायची की फरशीला कळावं कोण आलंय. माहेर मिठागरवाल्यांचं. लहानपणी मिठात राबून टाचांना पडलेल्या भेगा कधी बुजल्या नाहीत, असं ती सांगायची. बी.कॉम. लग्नानंतर घरच्यांशी भांडून पुरं केलेलं. आमचे मेहताशेठ तिला घाबरत, पण तिच्यावाचून त्यांचं चालतही नसे.

तिच्या कॉम्प्युटरवर दोन ब्राउझर होते. एक सगळ्यांकडे असतो तो. दुसरा दिसायला त्याचाच भाऊ, फक्त चिन्हाचा रंग वेगळा. कंपनी पुढची आवृत्ती लोकांच्या हाती देण्याआधी ज्यांना हौस असेल त्यांना वापरायला देते, ती ही. रोज सकाळी नवी यायची. कधी छान चालायची, कधी उघडल्याउघडल्या मान टाकायची. कधी कालची सगळी उघडी पानं गायब, कधी प्रिंटचं बटणच जागेवर नाही. सुरुवातीलाच इशारा असायचा की ही अजून तयार नाही, तुमची माहिती जाऊ शकते, तुमच्या जबाबदारीवर वापरा. दर्शना त्याला 'कच्चं' म्हणायची. आल्याबरोबर पर्स खुंटीला, केसांना चिमटा, आणि "बगू, आज कच्च्यात काय मेलंय."

याला कारण होतं. मी लागण्याआधी एकदा नेहमीच्या ब्राउझरची नवी आवृत्ती सगळीकडे आली आणि पोर्टलवर तारीख टाकायची चौकट उघडेनाशी झाली. आमच्या रांगेतल्या एकाही ऑफिसातून पास निघेना. दुपारपर्यंत ड्रायव्हर ओरडत होते, मग दगड आले. समोरची काच फुटली आणि आमचे वॉचमन सलीमचाचा यांच्या कानाची पाळी काचेसोबत गेली. उरलेला कान ते केसांखाली लपवत. दर्शनानं तो कान फडक्यात दाबून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं कच्चं वापरायला घेतलं.

"जे उद्या सगल्यांचं मोडनार, ते मना आज बगायचंय," ती म्हणायची. "मोडायचं ते मोडनारच. पन आधी कललं, तर मानूस बाजूला तरी होतो."

तिला दर वेळी कळायचंच असं नाही. एकदा दिवसभर भरलेले कागद कच्च्यानं गिळले. मेहताशेठ आले आणि आयुष्यात एकदाच तिच्यावर ओरडले, "अरे बेन, ये क्या प्रयोगशाळा है?" दर्शनानं समोरचा चहाचा कप उचलून भिंतीवर फोडला. मग खाली बसून तुकडे वेचले, आणि सगळे कागद पुन्हा भरून मगच उठली. भिंतीवरचा डाग शेठनी रंगवून घेतला नाही. बहुधा आठवण म्हणून ठेवला असावा.

काही मोडलं की ती बनवणाऱ्यांना कळवायची. त्यासाठी त्यांचे तीन प्रश्न असतात. तुम्ही काय करत होता? काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? दर्शनाला हे फार आवडायचं. "रडगानं नको त्यांना. तीन ओली लिवा, संपलं." एका सकाळी कच्च्यानं प्रिंट काढताना तिचं आडनावच तोडलं. म्हात्रेमधला 'म' वेगळा, खाली पाय मोडलेला, 'हात्रे' वेगळं. तिनं तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. कुठल्यातरी देशातून उत्तर आलं की आमच्याकडे असं होत नाही.

तिला इतकं संतापलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मी तिला पंचिंग मशीन मारताना पाहिलं होतं. "बोलतो, आमचेकडं असं व्हत नाय! मंग माजेकडं जालं ते काय मी सपनात बगितलं?" ती टेबलावर थापा मारत राहिली. शेवटी तिनं स्क्रीनचं चित्रण करून पाठवलं. मग त्याच माणसानं माफी मागितली, आणि थोड्याच दिवसांत आडनाव जोडलं गेलं. त्या दिवशी आख्ख्या रांगेला जिलेबी.

ती इतकी का चिडली होती, ते मला नंतर कळलं.

तिचा नवरा नरेश. बापाची जमीन बंदरात गेली, तिच्या पैशावर ट्रेलर आले, आणि ट्रेलरबरोबर पांढरे शर्ट, मित्र, संध्याकाळचं पिणं. चारचौघांत फार गोड माणूस. ऑफिसात आला की मला 'ताई' म्हणायचा. दर्शना कधी गाल सुजलेली, कधी मानेवर बोटं उमटलेली यायची. बाथरूममध्ये पडले वगैरे ती सांगायची नाही. सरळ सांगायची, "मारला त्यानं. मी बी दिली ठेवून." एकदा तिनं त्याच्या अंगावर उकळतं कालवण ओतलं होतं. छातीवरची कातडी सोलून निघाली म्हणाली, आणि डबा उघडून जेवायला लागली. मी विचारलं, "भीती नाही वाटत?" घास चावता चावता म्हणाली, "वाटते ना. म्हनून तर आधी बगून ठेवते. चावी कशी फेकतो, चप्पल कशी काढतो. दाराशी चप्पल नीट लावली, तर त्या दिवशी मारनार."

एकदा मात्र हसून म्हणाली होती, "कच्च्यावर लिवलेलं तरी असतं, की हे कच्चं हाय, संबालून. मना दिला तो पक्का म्हनून दिला."

एका सकाळी ती आली ती कॉम्प्युटर चालू न करताच बसून राहिली. चहा आला, थंड झाला. मी शेजारी खुर्ची ओढली तेव्हा म्हणाली, "पोरीला मारलं मी." तिची मुलगी ऋतू तेव्हा सातवीत होती. दूध उतू गेलं एवढंच कारण. हातात उलथनं होतं, तापलेलं. पोरीच्या पोटरीवर त्याचा ठसा उठला. "ती रडली नाय गं. त्याच्याकडं बगते तशी माजेकडं बगत व्हती." दर्शनानं स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला. "यो आता माजे हातात आलाय."

त्याच दुपारी ती पोलीस ठाण्यात गेली. मी सोबत होते. टेबलामागच्या हवालदारानं विचारलं, काय झालं? दर्शनानं खुर्चीत ताठ बसून सांगितलं, "मी भाकऱ्या थापत व्हते. व्हायला पायजे व्हतं असं की तो जेवंल आन झोपंल. जालं असं की त्यानं माजं डोकं तव्यावर दाबलं." आणि केस बाजूला करून कानामागचा फोड दाखवला.

हवालदारानं नवऱ्याला बोलावलं. तो आला आपल्या आईला घेऊन. सासू पदर सावरून म्हणाली, "आमचे देखत त्यानं कवा हात उचलला नाय, साहेब. हिचाच तोंडाचा पट्टा. मुकादमाचं डोकं फोडलंय हिनं, विचारा." नरेश मान खाली घालून उभा. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं त्यानं. हवालदार दर्शनाला म्हणाला, "बघा बाई, पुरावा काय? घरातलं घरात मिटवा."

 परतताना ऑफिसाच्या दाराशी रिक्षातून उतरली तेव्हा म्हणाली, "यांचेकडं बी असं व्हत नाय."

मग तिनं तेच केलं, जे आडनावासाठी केलं होतं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डब्यांच्या मधे फोन लपवला आणि चालू ठेवला. आठवड्याभरात हवं ते मिळालं.  तो व्हिडिओ तिनं मला दाखवला होता. नरेश तिला केसांना धरून फरशीवर ओढतो आणि पोटात लाथ घालतो, हे त्यात दिसत होतं. पण लक्षात राहिलं ते वेगळंच. मधे फोन वाजतो, तो तिच्या पाठीवर पाय ठेवून फोन घेतो आणि नेहमीच्या गोड आवाजात कुणाला तरी सांगतो, "व्हय शेठ, सकाळी गाडी लावतो."

सकाळी ऑफिसात येऊन तिनं फोन कॉम्प्युटरला जोडला, व्हिडिओ काढून घेतला आणि इंटरनेटवरच्या आपल्या खात्यावर चढवायला लागली. साध्या ब्राउझरमध्ये ऑफिसचं खातं उघडं असायचं, सगळ्यांना दिसणारं. फक्त तिचं असं कच्चंच होतं. म्हणून तिनं ते कच्च्यातून चढवायला घेतलं. किती चढलं ते दाखवणारी पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली, अडकली, आणि कच्चं कोसळलं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा कोसळलं. "मरूं दे. आधी यांना कलवते," म्हणून ती ते तीन प्रश्न भरायला बसली. तेवढ्यात पासांची गर्दी सुरू झाली आणि तक्रार अर्धीच राहिली. फोन शेजारीच, वायरीला लटकलेला.

तोवर घरी तिच्या जावेनं मांडणीवरचे डबे सरकलेले पाहिले होते. आदल्या संध्याकाळी तिथे फोन उभा होता, हे तिला आठवलं आणि तिनं नरेशच्या कानावर घातलं.

जेवणं आटोपून आम्ही नुकतेच जागेवर आलो होतो. नरेश दारातून आत आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मेहताशेठना म्हणाला, "शेठ, जरा दोन मिन्टं घेतो," आणि पाठीमागून टॉमी काढली, ट्रेलरवाले चाकाचे नट फिरवायला वापरतात ती लोखंडी पहार. पहिला घाव फोनवर. दुसरा स्क्रीनवर. तिसरा, चौथा, पाचवा कॉम्प्युटरच्या डब्यावर, त्याचा पत्रा फाटून आतलं बाहेर येईपर्यंत.  मग तिच्याकडे वळला.

तिनं उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज वाळलेल्या झावळीचा देठ मोडावा तसा आला. दुसरा घाव जबड्यावर. ती खुर्चीसकट मागे गेली. सलीमचाचा धावले, त्यांना त्यानं कोपरानं कपाटावर फेकलं. मी त्याच्या शर्टाला मागून धरलं. शर्टाचा तुकडा माझ्या मुठीत आला, माणूस नाही. शेठ फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होते आणि त्यांना स्वतःच्याच ऑफिसचा पत्ता आठवत नव्हता.

टेबलाखाली आग विझवायचं लाल नळकांडं असायचं. दर्शनानं ते पडल्यापडल्या गुडघ्यांत धरलं, डाव्या हातानं पिन उपटली आणि त्याच्या तोंडावर सोडलं. सगळं ऑफिस पांढरं झालं. तो खोकत डोळे चोळायला लागला. त्या पांढऱ्यातून ती उठली. एका हातानं, कसं उचललं कोण जाणे, ते नळकांडं तिनं आडवं फिरवून त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो कोसळला. मग तिनं ते पुन्हा वर नेलं. या वेळी खाली त्याचं डोकं होतं.

 तिच्या हनुवटीवरून रक्त आणि लाळ एकत्र गळत होती. सलीमचाचा कपाटाला टेकून हळू आवाजात म्हणाले, "बेटी. बस. पोर हाय तुला."

नळकांडं अजून हवेतच होतं. मग तिनं ते त्याच्या डोक्याशेजारी फरशीवर टाकलं. फरशी तडकली. ती आमच्याकडे वळली, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि मोडलेल्या जबड्यातून म्हणाली, "सगल्यांनी बगितलं ना?"

"बघितलं," मेहताशेठ म्हणाले. दाराबाहेर ड्रायव्हर जमले होते. त्यांत भुवईवर व्रण असलेला तो मुकादमही होता. तोही म्हणाला, "बगितलं, बाई."

रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिनं खुणेनं विचारलं, व्हिडिओ? मी मान हलवली. फोन गेला, कॉम्प्युटर गेला, चढलेलं काहीच नव्हतं. तिच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं वेदनेचा आहे. ती हसत होती.

इस्पितळात जबडा तारांनी बांधला, हातात स्टीलची पट्टी घातली. साक्षी झाल्या, नरेशला अटक झाली. त्याचा गुडघा कायमचा गेला. गावातून तिला बघायला कोणी आलं नाही. ऋतू तेवढी पलंगाच्या पायथ्याशी दप्तर घेऊन बसलेली असायची. एके दुपारी दर्शनानं माझा फोन मागून घेतला आणि डाव्या हातानं, एकेक अक्षर शोधत, बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग मला दाखवलं. अर्धवट राहिलेली ती तक्रार होती. काय करत होता? नवरा मला मारतो त्याचा व्हिडिओ चढवत होते. काय व्हायला हवं होतं? चढायला हवा होता. काय झालं? चढला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या तिकडच्या माणसानं आधी एकच वाक्य लिहिलं होतं, तुम्ही सुरक्षित आहात का? दुरुस्तीचं सगळं त्याच्या खाली. दर्शनानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. बोलता येत नव्हतं, म्हणून कागदावर मला लिहून दाखवलं: 'हा पैला.'

नरेश जामिनावर सुटण्याआधी ती ऋतूला घेऊन निघून गेली. कुठे, ते मला पुढे अवचित कळलं, पण मी कोणाला सांगितलं नाही. आता ती तिथे नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे सगळे श्रीवर्धनला निघालो होतो. आगरदांड्याला दिघीकडे जाणाऱ्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागलेली. जेट्टीवर गाड्या लावून देणारी बाई एका मोठ्या गाडीच्या बोनेटवर थाप मारून ओरडत होती, "मागं घे! पलीकडं तुजा बाप मेलाय काय?" आवाजावरूनच ओळखलं. उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नव्हता. जबडा किंचित वाकडा.

मला पाहून ती धावत आली आणि खिडकीतून माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. ऋतू अकरावीला आहे म्हणाली. तिकिटांच्या टॅबवर कच्चं टाकलंय म्हणाली, कालच मेलं, मॅनेजरनं शिव्या घातल्या. मी हळूच म्हटलं, "तो सुटल्यापासून तुझा पत्ता विचारत फिरतो म्हणे."

"ठाव हाय. आला व्हता."

माझ्या नवऱ्यानं गाडीचं इंजिन बंद केलं.

"पंधरवडा जाला. याच रांगेत. गाडीत दोघं आनखी. मी इथं सगल्यांना त्याचा फोटो दाखवून ठेवलेला, आल्या दिवशीच. मच्छीवाल्या, टपरीवाला, बोटीवरची पोरं. सगली गाडीभोवती उभी राह्यली. तो काच खाली करून बोल्ला, दर्शना, चल घरी. गोड, तसाच." ती थुंकली. "मागं गाड्या, पुढं बोट. त्याला वलता येईना. बोटीवर चढला आन गेला पलीकडं."

"मग?"

"मंग काय. पलीकडनं कवातरी परत येनारच ना. रस्त्यानं येतो का बोटीनं, ते मना ठाव नाय. तवर मी हाय हितं. आन नाय जमलं तर दुसरीकडं जाईन."

बोट लागली. उघडलेल्या फळीवरून पलीकडच्या गाड्या एकेक करून उतरायला लागल्या. दर्शना फळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. प्रत्येक गाडी ती हात वर करून थांबवायची, वाकून पुढच्या काचेतून आत बघायची, मग मागच्या सीटवर बघायची, आणि तेव्हाच हात हलवायची. मागचे भोंगे वाजवत होते. तिनं एकाही गाडीत बघायचं चुकवलं नाही. उतरणाऱ्या संपल्या, चढणाऱ्या सुरू झाल्या. आमची पाळी आली. तिनं आम्हालाही हात वर केला. वाकली. माझ्याकडे बघितलं, माझ्या नवऱ्याकडे, मागे झोपलेल्या सासूबाईंकडे, पायाशी ठेवलेल्या पिशव्यांकडे. ओळखीचं हसू चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

मग तिनं हात हलवला. जा.